सहा सेलचा कीबोर्ड यूएसबीवर: बदल वाद्यात नको, वायरीत हवा

सोलापुरातील बाळीवेस भागातील एका भजनी मंडळाने विचारलेला प्रश्न असा आहे: मंडळाकडे सहा पेन्सिल सेलवर चालणारा, लहान पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड आहे. त्याचा मूळ ॲडाप्टर जळाला, सेलच्या कप्प्यातील स्प्रिंगा गंजल्या आणि दर पंधरवड्याला नवे सेल घेणे मंडळाला परवडत नाही. वाद्य उघडून त्याला मोबाइलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकेवर चालेल असे करता येईल का, आणि मंडळाचा चार सेलचा लहान इलेक्ट्रॉनिक तानपुराही त्याच पॉवर बँकेवर लावता येईल का?

दोन्ही गोष्टी होण्यासारख्या आहेत, मात्र त्यासाठी वाद्य उघडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वीस-बावीस वर्षांच्या दुरुस्तीच्या कामात ‘यूएसबी करून घेतलेले’ जे कीबोर्ड माझ्या टेबलावर आले, त्यांतील बहुतेकांचे नुकसान विजेने नव्हे तर पेचकसाने झालेले होते. स्वस्त कीबोर्डच्या पोटात पट्ट्यांपासून मुख्य बोर्डापर्यंत जाणारी चपटी, पातळ वायर अनेकदा सोल्डर केलेली नसते, उष्णतेने चिकटवलेली असते. झाकण घाईने उचलले की ती एका कडेने सुटते आणि मग एका ओळीतले स्वर कायमचे मुके होतात. ती पुन्हा चिकटवणे घरगुती साधनांनी जवळजवळ अशक्य असते. शिवाय आपल्या वाद्याला वीज आत घेण्याचे दार, म्हणजे ॲडाप्टरची खाच, आधीच आहे. दार असताना भिंत फोडण्याचे कारण नाही.

आता मूळ अडचणीकडे येतो. यूएसबीची सुरुवात १९९६ साली झाली तेव्हापासून तिच्या साध्या जोडणीवर ५ व्होल्ट मिळतात आणि आपल्या वाद्याला सहा सेलचे मिळून ९ व्होल्ट लागतात. ‘सेल उतरले तरी कीबोर्ड वाजतो, मग ५ व्होल्टवर का वाजणार नाही,’ असे मला अनेकांनी विचारले आहे. सेल उतरत असताना वाद्य साधारण ६ व्होल्टपर्यंत तग धरते, कारण आतला नियंत्रक (रेग्युलेटर) येणाऱ्या दाबातून, म्हणजे व्होल्टमधून, स्थिर ५ किंवा ३.३ व्होल्ट काढून प्रोसेसरला देत असतो. जुन्या वाद्यांत आढळणाऱ्या ७८०५ या नियंत्रकाला ५ व्होल्ट काढण्यासाठी आत किमान ७ व्होल्टच्या आसपास लागतात. दुसऱ्या प्रकारचे नियंत्रक कमीवर भागवतात, पण त्यांनाही थोडी उंची हवीच असते. सरळ ५ व्होल्ट जोडल्यास दिवा लागतो, एका बोटाने हळू वाजवलेला स्वर नीट उमटतो आणि डाव्या हाताने तीन पट्ट्या एकदम दाबल्या की वाद्य बंद होऊन पुन्हा पहिल्या आवाजावर सुरू होते. ही तक्रार घेऊन कोणी आले की वाद्य न पाहताच मला कारण कळते: मोठ्या आवाजासाठी ॲम्प्लिफायरने वीज ओढली, दाब आणखी घसरला आणि प्रोसेसरने मान टाकली.

म्हणून ५ चे ९ व्होल्ट करणारा लहान कन्व्हर्टर वायरीतच बसवावा लागतो. तो विकत घेण्याआधी दोन गोष्टी वाद्यावरून वाचून घ्याव्यात. खाचेजवळ किंवा तळाच्या चिठ्ठीवर व्होल्टचा आकडा असतो आणि शेजारी एक छोटे चित्र असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोघांना जोडलेली धन व ऋण चिन्हे. ठिपक्याला धन चिन्ह जोडलेले असेल तर पिनच्या आतल्या भोकात धन टोक हवे, ऋण असेल तर उलट. हे चित्र प्रत्येक वाद्यावर पाहावे. एकाच कंपनीची दोन वाद्येसुद्धा सारखी असतील असे धरू नये. कॅसिओचेच उदाहरण घ्यावयाचे तर त्यांचा जुना एडी-५ हा ९ व्होल्टचा ॲडाप्टर आतून ऋण आहे, आणि पुढे आलेला एडी-ई९५१००एल हा ९.५ व्होल्टचा ॲडाप्टर आतून धन आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक तयार यूएसबी केबल आतून धन असतात, त्यामुळे जुन्या वाद्याला त्या जशाच्या तशा लावणे धोक्याचे आहे. चिठ्ठी पुसली गेली असेल तर सेलच्या कप्प्यातील शेवटचे ऋण टोक आणि खाचेतील मधली पिन यांच्यामध्ये मल्टिमीटरचा ‘बीप’ लावून पाहावा. बीप आला तर मधली पिन बहुधा ऋण आहे. हे मोजताना कप्पा रिकामा असावा.

दुसरी गोष्ट म्हणजे वाद्य प्रत्यक्षात किती करंट ओढते हे मोजणे. ॲडाप्टरवर छापलेला आकडा हा ॲडाप्टरची ताकद सांगतो, वाद्याची भूक सांगत नाही. मोजणी सोपी आहे. ९ व्होल्टचा कोणताही योग्य ॲडाप्टर उसना आणावा, त्याची एक वायर मध्ये तोडून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून त्या तुटलेल्या जागी जोडावा, आणि आवाज पूर्ण वाढवून दोन्ही हातांनी भरगच्च वाजवावे. गेल्याच महिन्यात अशाच आकाराच्या एका कीबोर्डवर मी हे केले तेव्हा शांत असताना ९० मिलिअँपिअर आणि दोन्ही हात पडल्यावर ३८० मिलिअँपिअर दिसले. मोजून झाल्यावर मल्टिमीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावावी. ती अँपिअरच्या खाचेत राहिली आणि पुढच्या वेळी कोणी व्होल्ट मोजायला गेले तर थेट शॉर्ट होतो. माझ्या स्वतःच्या मीटरचे फ्यूज याच विसरण्यापायी गेले आहेत, एकदा नव्हे, तीनदा.

हे ३८० मिलिअँपिअर ९ व्होल्टवरचे आहेत. म्हणजे वाद्य सुमारे ३.४ वॅट घेते. कन्व्हर्टर सुमारे ८५ टक्के कार्यक्षम धरला तर यूएसबीकडून ४ वॅट, अर्थात ५ व्होल्टवर ८०० मिलिअँपिअर लागतील. जुन्या पद्धतीचे लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंतच द्यायला बांधील असते आणि निळ्या रंगाचे यूएसबी ३.० पोर्ट ९०० पर्यंत, त्यामुळे लॅपटॉपच्या जुन्या पोर्टवर हा कीबोर्ड हळू वाजवताना चालेल आणि ऐन गजरात दगा देईल, निळ्या पोर्टवर जेमतेम भागेल. मोबाइलचा २ अँपिअरचा चार्जर किंवा पॉवर बँक असेल तर काळजी नाही.

कन्व्हर्टरसाठी एमटी ३६०८ या चिपचा, बोटाच्या पेराएवढा बोर्ड पुरतो आणि तो नव्या पेठेतील इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत विचारल्यास किंवा ऑनलाइन सहज मिळतो. त्यावर एक निळा, पितळी स्क्रूचा प्रीसेट, म्हणजे फिरवून व्होल्ट ठरवण्याचा रेझिस्टर, असतो. नवा बोर्ड कोणत्या व्होल्टवर येईल याचा नेम नसतो. ही चिप २८ व्होल्टपर्यंत चढू शकते, आणि तेवढे कीबोर्डला गेले तर पुढचे वर्णन करण्याची गरज नाही. म्हणून वाद्य दूर ठेवून, बोर्डच्या बाहेरच्या टोकांवर मीटर लावून स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत जावे. सुरुवातीचे कित्येक फेरे आकडा हलतच नाही आणि माणसाला वाटते बोर्ड खराब आहे. धीर धरून फिरवत राहिल्यावर तो उतरू लागतो. ९ व्होल्टवर आल्यावर स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकावा. माझ्या कामात मी प्रीसेट काढूनच टाकतो, कारण दिंडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बैठकीच्या गाद्यांखाली धक्के खाणाऱ्या वस्तूत फिरणारा भाग ठेवणे मला पटत नाही. या चिपचा फीडबॅक, म्हणजे बाहेरचे व्होल्ट ठरवताना ती ज्याच्याशी तुलना करते तो दाब, ०.६ व्होल्टचा आहे; बोर्डावरचा खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा असेल तर प्रीसेटच्या जागी ३० किलोओहमचा पक्का रेझिस्टर लावल्यास ८.८ व्होल्ट मिळतात आणि वाद्याला ते पुरेसे होतात.

या जातीच्या कन्व्हर्टरबद्दल एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. व्होल्ट चढवणाऱ्या या रचनेत आत येणारी वीज कॉइल आणि डायोड यांमधून थेट बाहेर जाऊ शकते. मध्ये तोडणारा स्विच नसतो. म्हणजे बाहेरच्या बाजूला शॉर्ट झाला तर चिप काहीही अडवत नाही आणि सगळा भार पॉवर बँकेवर येतो. यासाठी यूएसबीच्या धन वायरीत, कन्व्हर्टरच्या आधी, साधारण १.१ अँपिअरचा पॉलिफ्यूज टाकावा. गरम झाला की तो अडवतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. तसेच यूएसबीच्या बाजूला मोठा कपॅसिटर लावू नये: यूएसबीच्या नियमांनुसार जोडणाऱ्या उपकरणाने तिथे १० मायक्रोफॅरॅडपेक्षा जास्त ठेवायचा नसतो, नाहीतर जोडताक्षणी जो झटका बसतो त्याला काही पोर्ट शॉर्ट समजून बंद होतात.

यूएसबी केबल आखूड आणि जाड घ्यावी. मोबाइलबरोबर येणाऱ्या बारीक केबलमध्ये ताकदीच्या वायरी २८ गेजच्या असू शकतात (गेजचा आकडा मोठा तशी वायर बारीक). दोन मीटरची अशी केबल जाऊन-येऊन सुमारे ०.८५ ओहमची होते आणि ८०० मिलिअँपिअरला तिच्यातच पाऊण व्होल्टच्या जवळपास हरवतो. साध्या वाद्यात एवढे चालून जाते, पण कन्व्हर्टर मात्र ९ व्होल्टचा हट्ट सोडत नाही. आत दाब कमी झाला की तो करंट जास्त ओढतो, करंट वाढला की केबलमध्ये आणखी दाब पडतो. गजराच्या टिपेला वाद्य बंद पडण्याचे हे दुसरे कारण आहे आणि ते शोधताना लोक निष्कारण पॉवर बँक बदलत बसतात. एक मीटर, २४ गेज किंवा त्याहून जाड, एवढे पुरे. लांबी हवी असेल तर ती ९ व्होल्टच्या बाजूला वाढवावी.

आता आवाजाबद्दल. अशा कन्व्हर्टरवर कीबोर्ड जोडल्यावर कोणी वाजवत नसताना स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि वाजवायला लागल्यावर ती गायब होते, असा अनुभव आपल्याला येण्याची बरीच शक्यता आहे. कारण असे की ही चिप पूर्ण भारावर सेकंदाला सुमारे १२ लाख वेळा उघडझाप करते, जे कोणाच्याही कानाला कळणार नाही. पण भार हलका झाला की ती काही ठोके गाळू लागते आणि त्या गाळण्याची गती ऐकू येण्याच्या टप्प्यात उतरते. कन्व्हर्टर आणि वाद्याची पिन यांच्यामध्ये धन वायरीत १०० मायक्रोहेन्रीची, १ अँपिअर सहन करणारी कॉइल आणि तिच्या पुढे धन-ऋण यांमध्ये १६ व्होल्टचा ४७० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की शिट्टी बहुतेक मरते. तानपुऱ्याच्या शेजारी हे वाद्य वाजणार असल्याने मी ही कॉइल ऐच्छिक समजत नाही. षड्ज-पंचम लागलेला असताना मागे एखादा तिसराच बेवारस स्वर अखंड वाजत राहिला तर गायकाला त्याचे नाव सांगता येत नाही, पण गळा मात्र त्याच्याकडे ओढला जातो.

शिट्टीऐवजी जाड गुणगुण येत असेल आणि कीबोर्ड मंदिराच्या मिक्सरला जोडलेला असेल, तर दोष कन्व्हर्टरचा नसून ग्राउंडच्या दोन वाटांचा आहे: एक चार्जरमधून, दुसरी मिक्सरच्या वायरीतून. वाद्ये एकमेकांना जोडण्याच्या पूर्वीच्या पाच पिनांच्या मिडी जोडणीत दोन वाद्यांमध्ये प्रकाशाने संदेश नेणारा ऑप्टोकपलर ठेवला होता तो याच कटकटीसाठी. यूएसबीत तशी सोय नाही. पॉवर बँक भिंतीला न लावता वापरली की ही वाट तुटते आणि गुणगुण थांबते. आपल्या शहरात तर लाइन यंत्रमागांच्या शेजारची असेल तेव्हा त्या लाइनपासून अलग राहण्याचा पॉवर बँकेचा हा दुसरा फायदाही कमी नाही.

हे सगळे जोडण्याचा कंटाळा असेल तर इंटरनेटच्या राउटरसाठी विकली जाणारी ‘यूएसबी ते ९ व्होल्ट’ अशी तयार केबल घ्यावी. तिच्या फुगीर डोक्यात असाच कन्व्हर्टर बसवलेला असतो. पिनचा आकार, आतल्या टोकाची चिन्हे आणि प्रत्यक्ष व्होल्ट मोजल्याखेरीज ती लावू नये. टाइप-सी चार्जरकडून थेट ९ व्होल्ट मागून घेणारा ‘पीडी (पॉवर डिलिव्हरी) ट्रिगर’ बोर्ड हा विद्युतदृष्ट्या अधिक सरस मार्ग आहे, कारण चढवण्याचे काम चार्जरच करतो आणि केबलमधला करंट जवळजवळ निम्मा होतो. पीडीच्या ठरलेल्या पायऱ्या ५, ९, १५ आणि २० व्होल्टच्या आहेत. १२ काही चार्जर देतात, काही देत नाहीत. बटण दाबून व्होल्ट बदलणारा ट्रिगर मात्र मंडळाच्या वस्तूत नको. आज आपण ९ वर ठेवाल, उद्या एखादा मुलगा बटण दाबेल आणि वाद्यात २० व्होल्ट जातील. ९ व्होल्ट कायमचे ठरवलेला बोर्ड मिळतो, तोच घ्यावा. साध्या चार्जरला लावल्यास त्यातून फक्त ५ व्होल्ट येतील आणि वाद्य सुरू होणार नाही, एवढेच.

टाइप-सीची खाच स्वतः बसवणाऱ्यांसाठी एक सूचना: सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांपासून ग्राउंडपर्यंत प्रत्येकी ५.१ किलोओहमचा वेगवेगळा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर सगळे चालते आणि दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर काहीच येत नाही.

गंजलेल्या स्प्रिंगांविषयी. अल्कलाइन सेलमधून गळालेला पदार्थ क्षारधर्मी असतो, म्हणून कापसाच्या बोळ्यावर थोडा व्हिनेगर घेऊन तो पुसावा, नंतर साध्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवावा. ॲडाप्टरच्या खाचेत तिसरा पाय असतो, जो पिन आत गेल्यावर सेलची वाट तोडतो. म्हणूनच वीज खाचेतून द्यावी आणि सेलच्या टोकांना वायर सोल्डर करू नये: तिथे वायर जोडलेली असताना कोणी चुकून सेल घातले तर न भरायचे सेल भरले जाऊ लागतात आणि गळतात. खाचच तुटलेली असेल तर पेन्सिल सेलच्या मापाचे, म्हणजे १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ मिलिमीटर लांब, लाकडी नकली सेल करून पहिल्या व शेवटच्या जागी बसवावेत, त्यांच्या टोकांना स्क्रू मारून तिथून वायर बाहेर काढावी आणि मधल्या जागा रिकाम्या ठेवाव्यात. एका वाद्यासाठी मी मागावरच्या जुन्या लाकडी कांडीचा तुकडा तासून हे केले होते. ते लाकूड घट्ट असते आणि स्क्रूला फाटत नाही.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. काही जुन्या तानपुऱ्यांना आणि तालयंत्रांना पिनेऐवजी थेट २३० व्होल्टची वायर असते आणि ट्रान्सफॉर्मर पेटीतच असतो. ती उघडून यूएसबी करण्याच्या फंदात पडू नये. तसेच काही वाद्यांच्या ॲडाप्टरवर ‘आउटपुट: एसी’ लिहिलेले असते, त्यांतील अनेक वाद्ये त्या एसीतूनच धन आणि ऋण असे दोन्ही दाब तयार करतात, त्यामुळे त्यांना वर सांगितलेला कन्व्हर्टर लागू पडत नाही.

आता तानपुरा. चार सेलचे वाद्य भरण्याजोग्या सेलवर ४.८ व्होल्टला आणि नव्या साध्या सेलवर ६ व्होल्टला चालते; यूएसबीचे ५ व्होल्ट या दोहोंच्या मध्येच येतात. त्याला कन्व्हर्टर नको, चिन्हे जुळवलेली साधी केबल पुरे. त्याची अडचण उलटी आहे: तो फार कमी खातो. काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी मी असाच तानपुरा पॉवर बँकेवर लावून दिला, दुकानात पाच मिनिटे ऐकूनही दाखवला, पण माझ्या टेबलावर आवाज मोठा होता. बैठकीत गायकांनी तो कानापुरता ठेवला, करंट ४० मिलिअँपिअरच्या आसपास आला, आणि पॉवर बँकेने ‘मोबाइल भरला’ असे समजून अर्ध्या मिनिटात वीज तोडली. आलाप चालू असताना तानपुरा अचानक गप्प झाला. पुन्हा बटण दाबले, पुन्हा अर्ध्या मिनिटाने तेच. शेवटी त्या गायकांनी पेटीवरच्या पांढरी चारवर बोट ठेवून निभावले आणि मला नंतर फक्त एवढेच म्हणाले, ‘वाद्य छान आहे, पण ते मध्येच श्वास घेते.’

अनेक पॉवर बँका ५० ते १०० मिलिअँपिअरच्या खाली आल्यावर अशा बंद होतात. ५ व्होल्टच्या दोन टोकांमध्ये ४७ ओहमचा २ वॅटचा रेझिस्टर लावला की १०६ मिलिअँपिअरचा कायमचा भार मिळतो. तो कोमट राहतो, म्हणून प्लॅस्टिकला टेकू देऊ नये. आपल्या बाबतीत तोही लागणार नाही, कारण कीबोर्ड आणि तानपुरा एकाच पॉवर बँकेवर असतील तर शांत कीबोर्डसुद्धा यूएसबीकडून सुमारे १९० मिलिअँपिअर घेऊन तिला जागे ठेवील.

पॉवर बँक १०,००० मिलिअँपिअर-तासांची पुरते. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॅट-तास. दोन्ही रूपांतरांतील घट वजा जाता २६-२७ उरतात आणि सरासरी १.८ वॅट घेणारा कीबोर्ड त्यावर चौदा तासांच्या आसपास चालतो, तानपुरा सोबत असेल तर त्याहून थोडा कमी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ती मंडपाच्या पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत चार्जिंगला लावू नये. लिथियम सेल सर्वसाधारणपणे ४५ अंशांच्या वर भरायचे नसतात.

जोडणी पूर्ण झाल्यावर पहिल्या दिवशीच मंदिरात नेऊ नये. घरी आवाज पूर्ण ठेवून अर्धा तास वाजवावे, कन्व्हर्टरला बोट लावून पाहावे, आणि बोट ठेवता येत नसेल इतका तो तापला तर केबल व पिन पुन्हा तपासावी. दोन भजनांच्या मध्ये कोणी बोलायला उभे राहिले म्हणून कीबोर्ड बंद करू नये. तो बंद केला की अर्ध्या मिनिटाने तानपुराही जाईल. कीबोर्ड काही मिनिटे न वाजवल्यास स्वतःहून बंद होण्याच्या जातीचा असेल तर ती सोय सेटिंगमधून काढून टाकावी, आणि निघत नसेल तर तानपुऱ्याच्या केबलमध्ये तो ४७ ओहमचा रेझिस्टर लावून घ्यावा.